घरामागचे तळे आणि कंत्राटदारावरची देखरेख

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. त्यात 'तळे पाहावे खणून' एवढी भर घालण्याचा अधिकार मी आता कमावला आहे.

२०२४च्या कोजागिरीला मंडळाची बरीच मंडळी आमच्या वेस्ट बे लगूनच्या घरी आली होती. मागच्या अंगणातले छोटे तळे, भोवतीचा कट्टा आणि मोगरा-चाफा पाहून अनेकांनी तीनच प्रश्न विचारले. खर्च किती आला? डास होत नाहीत का? आणि कंत्राटदार कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे या लेखात सविस्तर देतो. तिसऱ्याचे देणार नाही, कारण जे बिघडले त्यात त्याच्याइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, वाटा माझा होता. मी हिशेबाच्या धंद्यातला माणूस. बांधकामातले मला कळत नाही हे मला ठाऊक होते. पण जे कळते असे वाटत होते, म्हणजे पैशाचे, नेमके तिथेच मी चुकलो आणि त्याचा परिणाम एका माणसाच्या प्रकृतीवर झाला. म्हणून हा लेख 'आरोग्य आणि अर्थ' या सदरात अगदी योग्य जागी आहे.

आधी जमीन कोणाची आणि कशी, ते पाहा

कतारमध्ये परदेशी माणसाला घर विकत घेण्याची मुभा २००४च्या १७ क्रमांकाच्या कायद्याने काही ठरावीक भागांत मिळाली. त्यांत वेस्ट बे लगून आहे. तरीही आपल्यापैकी बहुतेक जण भाडेकरूच आहोत, मीही. भाडेकरूने कुदळ मारण्यापूर्वी घरमालकाची लेखी परवानगी घेतली पाहिजे आणि त्या कागदावर तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: खर्च कोण किती करणार, घर सोडताना तळे ठेवायचे की जमीन पूर्ववत करून द्यायची, आणि मध्येच घर सोडावे लागले तर उरलेल्या पैशांचे काय. आमचे काम ३८ हजार रियालांचे ठरले. घरमालकांनी त्यांतले २० हजार मान्य केले, दरमहा भाड्यातून एक हजार याप्रमाणे २० महिन्यांत वळते करायचे. उरलेले १८ हजार माझे. हा कागद मी नीट केला होता, एवढे श्रेय मला द्यावे.

जमिनीचे मात्र मी विसरलो. वेस्ट बे म्हणजे १९७०च्या दशकापासून समुद्रात भराव टाकून तयार केलेला भाग. 'अल दफना' या अरबी नावातच तो भराव आहे. १९८२ साली शेरेटनचा पिरॅमिड उघडला तेव्हा आजच्या काचेच्या मनोऱ्यांपैकी तिथे काहीच नव्हते. त्याच्या उत्तरेचा आमचा लगूनचा भागही पाण्याच्या काठचाच. अशा जमिनीत खोल जावे लागत नाही. आमच्याकडे तीन फुटांवरच ओली वाळू लागली आणि दुसऱ्या दिवशी खड्ड्यात वीतभर खारे पाणी उभे राहिले.

खालून पाणी येते याचा अर्थ तळे भरायला सोपे असा नव्हे. तळे भरलेले असते तोवर त्याचे वजन खालच्या पाण्याला दाबून धरते. सफाईसाठी रिकामे केले की खालचे पाणी अख्खा हौद वर उचलू पाहते, आणि तळ तडकतो. विहिरीत रिकामी घागर सोडली तर ती तरंगते, तसाच हा प्रकार. फोरमनने उपाय चांगला सुचवला: निम्मे तळे जमिनीखाली, निम्मे वर. वरच्या भागाचा चौफेर कट्टा झाला. हा कट्टा आमच्या घराचे भूषण ठरला, पण कोटेशन घेण्यापूर्वी एक चाचणी-खड्डा खणून पाहिला असता तर पहिले दहा दिवस वाया गेले नसते. कोणी तळे करणार असेल तर आधी चार फुटांचा खड्डा खणून रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी तो जे सांगेल ते कुठल्याही कोटेशनमध्ये नसते.

पुढच्या तारखांचे चेक

आता माझी मोठी चूक. करार ५ मार्च २०२४ रोजी झाला. कंत्राटदाराने सहा आठवड्यांत काम पुरे करण्याचे कबूल केले आणि पैसे असे मागितले: ८ हजार सुरुवातीला आणि १०-१० हजारांचे तीन चेक, २५ मार्च, १५ एप्रिल आणि ३० मेच्या तारखांचे. इथे घरभाड्यापासून गाडीपर्यंत सगळे पुढच्या तारखांच्या चेकवर चालते, म्हणून मला त्यात काही वावगे वाटले नाही.

वावगे हे होते की चेक तारखेला बांधलेले होते, कामाला नव्हे. तारीख आपोआप येते, काम आपोआप होत नाही. शिवाय कतारमध्ये खात्यात पैसे नसताना चेक परत जाणे हा फौजदारी गुन्हा आहे. म्हणजे एकदा चेक हाती दिला की 'काम झाले नाही, म्हणून खाते रिकामे ठेवतो' हा मार्ग उरत नाही आणि तसा विचारही कोणी करू नये. चेक देणे म्हणजे पैसे देणेच, फक्त थोडे उशिरा.

आणि सहा आठवड्यांचे गणित? ११ मार्चला रमझान सुरू झाला. रमझानमध्ये कामाचे तास कायद्यानेच कमी होतात, एरवी आठवड्याला ४८, त्या महिन्यात ३६. नंतर ईदची सुट्टी. कॅलेंडर माझ्या टेबलावर होते, रोज त्याच्याकडे पाहत होतो, पण करार करताना मला रमझान आठवला नाही, कंत्राटदाराला आठवला असेल तर त्याने सांगितले नाही. मेच्या मध्यावर स्थिती अशी होती: ३८ पैकी २८ हजार दिलेले, काम जेमतेम निम्मे झालेले, उरलेला चेकही त्याच्या खिशात.

ज्याच्या हातात पैशाचे सुकाणू नसते तो मग आवाज चढवतो. मीही तेच केले. ७ जूनला, शुक्रवारी, माझी साठीशांत ठरली होती. पाहुणे येणार होते. मी रोज सकाळ-संध्याकाळ फोरमनला ऐकवू लागलो, 'काही करा, पण ७ तारखेच्या आत संपवा.'

२७ मेची सकाळ

मजुरांमध्ये एक जण निजामाबादकडचा होता. काही वर्षे नांदेडला काम केलेले असल्याने मोडके मराठी बोलायचा. आमच्या सौं.ना 'अम्मा' म्हणायचा, त्या त्याला ताक द्यायच्या. गावी सुट्टी घालवून तो चारच दिवसांपूर्वी परतला होता.

२७ मे, सोमवार. सकाळचे पावणेदहा झाले असतील. पहाटे पाचपासून माणसे खड्ड्यात होती. सौ. पाणी द्यायला बाहेर गेल्या तर हा गृहस्थ भिंतीला टेकून काहीतरी असंबद्ध बोलत होता. त्याला आपण कुठे आहोत ते सांगता येईना. मग ओकारी झाली आणि तो बसल्या जागी कलंडला.

आम्ही ९९९ला फोन लावला. त्याला उचलून वातानुकूलित खोलीत आणले, बूट आणि सदरा काढला, अंगावर पाणी ओतत राहिलो, पंखा लावला, काखेत, मानेला आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. शेजारचा एक मजूर त्याच्या तोंडात पाणी घालू लागला. ते सौं.नी थांबवले आणि ते बरोबरच होते. शुद्ध हरपलेल्या किंवा भ्रमिष्ट माणसाला पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. रुग्णवाहिका आली, त्याला रात्रभर रुग्णालयात ठेवले. तो वाचला. त्या दिवशी मी ऑफिसला गेलो नाही.

संध्याकाळी फोरमनला विचारले, 'मध्ये विश्रांती का दिली नाही?' तो शांतपणे म्हणाला, 'साब, आपली सात तारीख आहे ना.'

वाचकहो, या उत्तराने मला जे शिकवले ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे. आपण म्हणतो 'काही करा'. ते 'काही' म्हणजे काय, ते शेवटी खड्ड्यातला माणूस आपल्या अंगावर घेतो.

आता यातले नियम आणि वैद्यकीय बाजू समजून घेऊ. कतारमध्ये २०२१पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम करायला बंदी आहे. पूर्वी ही बंदी १५ जूनपासून ऑगस्टअखेर, ११.३० ते ३ एवढीच होती. पण त्याच २०२१च्या आदेशात आणखी एक कलम आहे, ते फारसे कोणी वाचत नाही. हवेची उष्णता, दमटपणा, ऊन आणि वारा हे सगळे एकत्र धरून एक निर्देशांक काढतात. तो ३२.१ अंशांच्या वर गेला की, महिना आणि वेळ कोणतीही असो, काम थांबवायचे. हे ३२.१ म्हणजे आपल्या साध्या तापमापकातले तापमान नव्हे. समुद्रकाठी दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. त्यामुळे साधे तापमान फार चढलेले नसतानाही धोका मोठा असतो. तेव्हा 'बंदी तर १ जूनपासून आहे' हे कंत्राटदाराचे म्हणणे अर्धेच खरे होते. सावलीची जागा आणि थंड पिण्याचे पाणी देणे ही त्याची जबाबदारी, आणि उन्हाचा त्रास होतो असे वाटल्यास काम थांबवण्याचा हक्क कामगाराला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे सुट्टीवरून परतलेला माणूस. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि गावी गेल्यावर ती सवय सुटते. अशा माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या थोडाच भाग द्यावा आणि रोज वाढवत न्यावा. 'कामाला नवा कोण, सुट्टीवरून कोण आला' हा प्रश्न दर सोमवारी फोरमनला विचारायला पैसे पडत नाहीत. मी मार्चपासून एकदाही विचारला नव्हता.

पुन्हा मांडलेला हिशेब

साठीशांत तिथीप्रमाणे झाली, अर्धवट खड्ड्यावर फळ्या टाकून. पाहुण्यांचे काही अडले नाही.

३० मेच्या आत मी कंत्राटदाराला घरी चहाला बोलावले. दोघेही घाबरलेलो होतो, त्यामुळे बोलणे सरळ झाले. मी मुदत काढून टाकली. उन्हाळाभर उघड्यावरचे काम बंद ठेवून १५ सप्टेंबरनंतर पुढे जायचे ठरले. मधल्या काळात त्याला माणसे दुसऱ्या, छपराखालच्या कामाला नेता आली, म्हणजे त्याचाही तोटा टळला. त्याच्या बदल्यात त्याने शेवटचा चेक परत दिला आणि आम्ही ते १० हजार असे वाटले: ४ हजार तळ्याची पाण्याची चाचणी उतरल्यावर, ३ हजार वीज आणि लागवड झाल्यावर, ३ हजार काम संपल्यानंतर दोन महिन्यांनी. आजारी मजुराला रजेच्या दिवसांचा पगार मिळाला की नाही, हे मी कंत्राटदाराला न विचारता त्या मजुरालाच विचारले. मिळाला होता.

सप्टेंबरच्या अखेरीपासून काम असे चालले की माझा आवाज एकदाही चढला नाही. फरक माणसांत नव्हता, पैशाच्या मांडणीत होता.

झाकण्यापूर्वी पाहा

देखरेख म्हणजे दिवसभर खुर्ची टाकून बसणे नव्हे. मजुरांच्या डोक्यावर उभे राहिल्याने काम बिघडते. बांधकामात काही क्षण असे असतात की त्यांनंतर ती गोष्ट कायमची झाकली जाते. तेवढ्या क्षणी हजर राहिले की पुरते. आमच्या कामात असे पाच क्षण होते: खड्ड्याचा तळ, काँक्रीटआधीच्या सळ्या, भिंतीतून जाणारे पाइप, चरात टाकलेल्या वायरी आणि मातीचा थर. 'हे पाचही मी पाहिल्याशिवाय झाकायचे नाहीत' हे वाक्य करारात घातले आणि प्रत्येकाचे मोजपट्टी ठेवून फोटो काढले. आज कुठे कुदळ मारायची झाली तर तेच फोटो आमचा नकाशा आहेत.

याचा फायदा लगेच दिसला. चरात वायरीचा एक जोड साध्या चिकटपट्टीने गुंडाळलेला सापडला. तो मातीखाली गेला असता तर पहिल्या ओलीत काय झाले असते, ते सांगायला नको. जोड काढून सलग वायर टाकायला लावली.

मातीचेही तेच. भरावाची माती खारट असते, त्यात चाफा तग धरत नाही. इथे बागेसाठी 'स्वीट सॉइल' म्हणून मिळते ती मिठाचा अंश नसलेली वाळू. कोटेशनमध्ये तिचा थर दीड फूट लिहिलेला होता, मोजला तेव्हा नऊ इंच भरला. भांडण झाले नाही, मोजपट्टी होती. राहिलेली माती दुसऱ्या दिवशी आली.

रोपांच्या यादीत कुंपणाला कण्हेर होती. आपल्याकडे देवाला वाहतो म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण तिचे पान, फूल, खोड सगळे विषारी. लहान मूल आणि मासे असलेल्या अंगणात ती नको. तिच्याऐवजी बोगनवेल लावली.

जमिनीचा उतारही तपासा. इथे वर्षाचा पाऊस १०० मिलिमीटरहून कमी, म्हणून उताराकडे कोणी पाहत नाही. पण १६ एप्रिल २०२४ रोजी दुबईत एका दिवसात काय झाले ते सर्वांनी पाहिले. पाणी घराकडे नव्हे, घरापासून दूर वाहिले पाहिजे. बादलीभर पाणी ओतून पाहा, दोन मिनिटांत कळते.

गळती की बाष्पीभवन?

तळे भरले आणि दोन दिवसांत पातळी २६ मिलिमीटर उतरली. कंत्राटदार म्हणाला, 'ऊन आहे, पाणी उडणारच.' खरे आहे, इथे ते उडतेच. पण किती उडाले आणि किती गळले, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. तळ्यातल्या पायरीवर एक बादली ठेवा, तिच्यात तळ्याचेच पाणी तळ्याच्या पातळीइतके भरा. पंप बंद ठेवा. दोन्ही पातळ्यांवर खूण करा. ऊन दोघांवर सारखेच पडते, म्हणून बादली जेवढी उतरेल तेवढे बाष्पीभवन, तळे त्याहून जास्त उतरले तर ती गळती.

आमची बादली १६ मिलिमीटर उतरली, तळे २६. फरक १० मिलिमीटर दोन दिवसांत, म्हणजे दिवसाला ५. तळ्याचे क्षेत्रफळ ४ मीटर गुणिले अडीच मीटर, म्हणजे १० चौरस मीटर. १० चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे बरोबर १० लिटर. तेव्हा रोज ५० लिटर, महिन्याला १५०० लिटर गळती. भिंतीतून पाइप जातो तिथला सांधा निघाला. तो नीट केल्यावर तळे आणि बादली बरोबरीने उतरू लागली. त्याच दिवशी ४ हजारांचा चेक दिला.

कतारमधले पिण्याचे पाणी समुद्राचे खारेपण काढून केलेले आहे. ते वाया घालवण्याविरुद्ध २००८चा २६ क्रमांकाचा कायदा आहे. पण कायदा नसता तरी दुष्काळी भागातून आलेल्या आपल्या पिढीला रोज ५० लिटर मातीत जाताना पाहवणार नाही.

टँकरने तळे भरणार असाल तर पाणी कुठले, ते विचारा. रस्त्याकडेच्या हिरवळीला शुद्ध केलेले सांडपाणी देतात. ते झाडांना ठीक, पण ज्यात मूल हात घालणार त्या तळ्यात नको. नव्या काँक्रीटमधून चुन्याचा अंश उतरतो, म्हणून पहिल्या दोन वेळचे पाणी सोडून द्यावे लागते, मगच मासे. नळाच्या पाण्यातले निर्जंतुक करणारे द्रव्यही माशांना मारते. त्यावर उतारा म्हणून द्यायचे औषध माशांच्या दुकानात मिळते.

डास, मूल आणि वीज

डासांचा सर्वांत वाईट काळ तळे पूर्ण झाल्यावरचा नव्हता, काम थांबले होते तेव्हाचा होता. जूनमध्ये कंत्राटदाराने मागे ठेवलेल्या पिंपात आणि खड्ड्याच्या कोपऱ्यात अळ्या वळवळताना दिसल्या. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात सांगतात तो आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' इथेही पाळावा: पिंपे, कुंड्यांखालच्या बश्या, कूलरच्या टाक्या रिकाम्या करून घासाव्यात. करारात 'काम थांबल्यास साचलेले पाणी उपसून पिंपे पालथी घालणे' हे कंत्राटदाराचे काम म्हणून लिहावे. तळ्यात पाणी हलते ठेवले आणि गप्पी मासे सोडले. मंडळींना कोजागिरीला डास चावले नाहीत, त्याचे श्रेय त्या पंचवीस-तीस माशांचे.

मुलांबाबत मात्र श्रेय कोणावर सोपवू नका. लहान मूल काही इंच पाण्यातही बुडू शकते, आणि ते ओरडत नाही. आमचा चार वर्षांचा नातू डिसेंबरात पुण्याहून येणार होता. कट्टा हा पहिला अडसर, पण मूल त्यावर चढते. म्हणून पाण्याच्या पातळीखाली चार बोटांवर न गंजणारी पोलादी जाळी बसवली. मोठ्या माणसाचे वजन ती पेलते की नाही, ते फोरमनला तिच्यावर उभे करून पाहिले. वरून ती दिसतही नाही. जाळी असली तरी नातू अंगणात असताना कोणीतरी मोठे माणूस तिथे असतेच.

विजेचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच घ्या. तळ्यातले दिवे १२ व्होल्टचे, त्यांचा ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून दूर. पंपाच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी हवाच. त्यावर चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबावे. दाबल्यावर वीज गेली तर तो जागा आहे, नाही गेली तर त्याच दिवशी बदलावा. तळ्यात हात घालण्यापूर्वी पंपाचा स्विच बंद, हा घरातल्या सर्वांसाठी नियम.

दरमहा काय पडते

बांधकामाचा खर्च एकदा होतो, पंप रोज चालतो. आमचे पाणी ४ गुणिले अडीच गुणिले सरासरी ०.६ मीटर, म्हणजे ६ घनमीटर, ६ हजार लिटर. अशा तळ्यातले पाणी तास-दोन तासांत एकदा फिरले तर पुरते. कंत्राटदाराने ४०० वॉटचा पंप लिहिला होता. चोवीस तास चालला तर महिन्याला २८८ युनिट. १२० वॉटच्या पंपाने तेच काम होते, महिन्याला ८६ युनिट. मोठा पंप म्हणजे चांगला पंप, हा समज महाग पडतो. बाष्पीभवन भरून काढायला उन्हाळ्यात रोज ८०-१०० लिटर लागते. दुपारची सावली मिळाली तर ते कमी होते, म्हणून तळे भिंतीच्या पूर्वेला घ्यावे.

पुन्हा करायचे झाले तर

३८ हजारांच्याच कामाचे पैसे मी आता असे देईन:

१. कराराच्या वेळी १५ टक्के: ५,७०० रियाल.
२. खड्डा, सळ्या, पाइप पाहून झाल्यावर २० टक्के: ७,६००.
३. तळे बांधून पाण्याची आणि बादलीची चाचणी उतरल्यावर ३० टक्के: ११,४००.
४. वीज, पंप, माती आणि लागवड झाल्यावर २५ टक्के: ९,५००.
५. दोन महिन्यांनी, सर्व ठीक असल्यास १० टक्के: ३,८००.

प्रत्येक टप्पा उतरला की त्याच दिवशी पैसे द्यावेत. आपण दोन दिवस रखडवले तर त्याच्याकडच्या माणसांचा पगार रखडतो, मग आपल्याला घाई करण्याचा हक्क राहत नाही. वाढीव काम तोंडी सांगू नये. आधी कागदावर रक्कम, मग काम. आणि मुदत ठरवताना रमझान, ईद आणि उन्हाळा आधी वजा करावा. या देशात बागेचे काम ऑक्टोबर ते मार्च या काळातच काढावे हे उत्तम.

त्या मजुराने ऑक्टोबरात कट्ट्याच्या शेवटच्या फरश्या बसवल्या. बसवून झाल्यावर सौं.नी ताक दिले तेव्हा म्हणाला, 'अम्मा, आता घाई नाही?' नव्हती. डिसेंबरात दोन महिने पुरे झाल्यावर शेवटच्या ३ हजारांचा चेक घ्यायला कंत्राटदार स्वतः आला. चहा आम्ही कट्ट्यावरच घेतला.

ज्यांना तळे करायचे असेल त्यांनी अवश्य करावे. आमच्या कराराचा नमुना आणि फोटोंची वही पाहायची असेल तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत मागून घ्यावी. सोबत मोजपट्टीही आणीन.